पोटदुखीची तयारी

चिठ्ठीत ‘पोटदुखी’ निघाली तेव्हा सूनबाईला हायसं वाटलं. वर्गात शेजारी बसणाऱ्या बाईला ‘चक्कर’ निघाली होती, आणि तिचा मामा वर्गात आडवा व्हायला आत्तापासूनच उतावीळ होता.

दवाखान्यातलं बाहेरचं टेबल कसं सांभाळायचं, हे शिकवणारा तो वर्ग होता. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकीने घरचं एक माणूस खोटा पेशंट म्हणून आणायचं, त्याची विचारपूस करायची, कागद भरायचा, फोन घ्यायचा आणि पेशंटला रांगेत बसवायचं. पास झाली की खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडचं टेबल सूनबाईचं. मुलं हाताशी आल्यावर, केसांत रुपेरी दिसू लागल्यावर ती शिकायला निघाली होती. ते टेबल तिच्या स्वप्नातसुद्धा यायचं.

घरात दिवसरात्र सराव चाले. नवरा दारातून आत आला की ही विचारी, “नाव? वय? तक्रार?”

“भूक.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

पेशंट म्हणून सासूबाई यायला तयार झाल्या, पण चिठ्ठी ऐकून अडल्या. खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही, असा त्यांचा जन्माचा नेम. सुनेने चहा कसा झालाय विचारलं, तर चांगला नसेल त्या दिवशी त्या मऊ आवाजात एवढंच म्हणत, “गरम आहे.”

“अगं, पोट दुखत नाही तर दुखतंय कसं म्हणू?”

“आई, नाटक आहे हो ते. ‘तीन दिवसांपासून दुखतंय’, एवढंच म्हणायचं.”

“बघते काहीतरी,” सासूबाई म्हणाल्या. सूनबाई निश्चिंत झोपली. इथेच चुकलं.

परीक्षेच्या दिवशी वर्गातल्या टेबलासमोर सासूबाई वाकून उभ्या राहिल्या. कपाळावर घाम, हात पोटावर. मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षक बाई कौतुकाने पुढे सरकल्या.

“तक्रार काय आजी?” सूनबाईने शिकवल्याप्रमाणे विचारलं.

“पोट दुखतंय.”

“कधीपासून?”

“काल कच्चे पेरू खाल्ले तेव्हापासून.”

सूनबाईचं पेन थांबलं. पेरू पाठांतरात नव्हते. ती पुढे वाकून कुजबुजली, “आई, खरंच दुखतंय?”

“मग काय खोटं दुखवू?” सासूबाई कण्हल्या. “दोनाने काही होईना, म्हणून उरलेलेही खाल्ले.”

तेवढ्यात परीक्षेचा फोन वाजू लागला. सूनबाईने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि त्यांना दंडाला धरून ती थेट जिना उतरली. खाली खऱ्या डॉक्टरांच्या खऱ्या रांगेतल्या लोकांना “जरा सरका” म्हणत तिने सासूबाईंना आत नेलं.

औषध घेऊन दोघी वर आल्या, तेव्हा फोन वाजून वाजून थकला होता.

“टेबल सोडलं, फोन घेतला नाही, रांग मोडली,” परीक्षक बाई म्हणाल्या. “नापास. पण आजींनी काम काय सुंदर केलं.”

“काम नव्हे हो,” सासूबाई म्हणाल्या. “पेरू.”

बाईंना सगळं कळलं, तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. खांदे मात्र हलत होते. मग म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात पुन्हा या. आणि या वेळी कृपा करून खोटा पेशंट आणा.”

नवरा यायला तयार होता. सासूबाई ऐकेनात. “माझ्यापायी तुझं बुडालं. मीच येणार.”

नवी चिठ्ठी निघाली, डोकेदुखी.

“आई, हात जोडते. उन्हात बसू नका, उपाशी राहू नका, भिंतीवर डोकं आपटू नका.”

“छे गं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “वर्ग सुरू झाल्यापासून तू घरात नाव, वय, तक्रार करतेस. डोकं तयारच आहे.”

सूनबाई पहिली आली.

ते टेबल अजून तिच्याकडेच आहे. पोट दुखतंय म्हणत कुणी आलं, की ती पेन उचलण्याआधी विचारते, “काल काय खाल्लंत?” नव्या मुलींना वाटतं, हे तिला वर्गात शिकवलं असणार.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती चहा टाकते. नवरा पहिला घोट घेऊन म्हणतो, “छान झालाय.” मुलंही म्हणतात, छान झालाय. खरं म्हणजे रोज काही तो छान होत नाही. पण “गरम आहे” म्हणणारं माणूस आता घरात नाही.