मॅविसच्या पाटीतला 'जी'

अर्नोल्ड पिकर्सगिल फाटकापर्यंत गेला तो नुसता दूध आणायला. परत आला तेव्हा त्याचं डोकं सणकलं होतं.

आज त्यांची बाग गावाला खुली होती, चर्चच्या गळक्या छपराच्या मदतीसाठी. त्याच्या बायकोने, मॅविसने, आठवडाभर खपून पाटी रंगवली होती. कडेने फुलंबिलं, आणि मधे: 'मुलांना बागेत फ्री रेन'.

आता हा रेन म्हणजे घोड्याचा लगाम. तो सैल सोडला की घोडा हवा तिकडे जातो. म्हणून 'फ्री रेन' म्हणजे पूर्ण मोकळीक. पण मॅविसने स्पेलिंगमध्ये 'जी' घुसडला होता, आणि 'जी' आला की तो राजाराणीचा राज्यकारभार होतो. उच्चार तोच, त्यामुळे निम्मा देश तिथे घसरतो. (अर्नोल्डची सारी हयात गावच्या शाळेत या घसरणाऱ्यांना सावरण्यात गेली होती.)

"मॅविस, लगामाऐवजी राज्य लिहिलंयस तू."

"पोरं येणार आहेत, अर्नोल्ड. घोडे नाहीत." ती केकवर जॅम थापत होती.

"माझ्या फाटकावर असली चूक? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"पाटीला हात लावलास तर याद राख."

त्याने लावला. सुरीने 'जी' खरवडला. त्याबरोबर शेजारची अक्षरं गेली आणि अर्धा वेलही गेला. वरून रंग द्यायला गेला, तर तो ओघळत खाली आला.

मॅविस बाहेर आली. तिने पाटी पाहिली.

"फुलांचंही स्पेलिंग चुकलं होतं का?" तिने विचारलं. "लोक यायच्या आत नवी पाटी लाव. तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

उपाशीपोटी, धुमसत, अर्नोल्डने शेजारच्या गावातल्या छापखान्याला फोन लावला.

"फ्री रेन. आणि त्यात 'जी' नको. कळलं? 'जी' अजिबात नको."

"जी नाही. लिहून घेतलं, साहेब."

"तसंच लिहा. लोकांना अक्कल नसते."

छापखानेवाल्याने स्वतः येऊन फलक बांधला, तेव्हा अर्नोल्ड वर कपडे बदलत होता. खाली आला तर बाग माणसांनी भरलेली, आणि मॅविस चहा ओतत उभी.

"'जी' गेला खरा," ती म्हणाली. "जाऊन बघून ये."

तो धावला. फलकावर हातभर अक्षरांत, एकाही 'जी'शिवाय, तिसराच रेन छापला होता. आकाशातून पडतो तो. मुलांना बागेत फुकट पाऊस.

अर्नोल्ड दात-ओठ खात दोरी सोडायला लागला, तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. त्याची जुनी विद्यार्थिनी, हेझल. सोबत तिची मुलगी.

"राहू द्या ना, सर," हेझल म्हणाली आणि मुलीला पुढे घेतलं. "नीट बघून ठेव. हे असं लिहायचं असतं. मी आजवर त्यात 'जी' घालत होते."

अर्नोल्डने तोंड उघडलं.

"चूक असेल कशी?" हेझल मुलीला सांगत होती. "सरांच्या घरचा फलक आहे."