बेचाळीस फारमांची मोहीम

॥ श्री ॥ शके १९०५, रुधिरोद्गारी नाम संवत्सरी, माघ मासी, बेळगावास लागून जो उद्यमबाग म्हणोन कारखान्यांचा मुलूख, तेथील एका फौंड्रीत बेचाळीस फारमांचे जे घनघोर युद्ध जाहले, त्याची ही हकीकत. लिहिणार परशराम, वस्ती कडोली, हुद्दा टाइमकीपर. या मोहिमेचा सेनापतीही हाच आणि रणातून पायाला पाय लावून पळाला तोही हाच. दुसरा कोणी लिहावयास राजी नव्हता म्हणोन स्वहस्ते लिहितो. या इसमाने एकदा गावच्या संमेलनात निबंध वाचावयास घेतला, तो सरण्याआधीच मांडववाले खुर्च्या उचलू लागले. तेव्हापासून अब्रू गेली पण लांबण लावण्याची खोड गेली नाही, तेवढी माफी असावी.

तर खासे म्यानेजर, राजमान्य राजेश्री नंजुंडय्या साहेब, मूळ म्हैसुराकडील, मराठीशी ओळख नाही, ते तीन दिवस बंगळुरास शिबिरात राहिले आणि येताना फारमांचा बिंडा घेवोन आले. फारमात रकाने तीन : आपले गुण, आपले दोष, आणि आपणांस दहापैकी मार्क. ज्याचे त्याने लिहावे. मग साहेबी फर्मान सुटले जे, मार्चअखेर बेचाळीस असामींची बेचाळीस फारमे टेबलावर आली तरच टाइमकीपरास पर्मनंट करण्याचा विचार होईल. परशराम तीन साल टेंपरवारी. त्यात अडचण ऐसी जे, मातोश्री यशोदाबाई यांनी 'माझा ल्योक पर्मनंट झाला' म्हणोन दिवाळीतच गल्लीभर पेढे वाटिले होते. लोकांनी खाल्लेले पेढे परत मागता येत नाहीत, यास्तव पर्मनंट होणे भाग पडले.

पहिली स्वारी जेवणाच्या सुट्टीत जाहली. सेनापतींनी फारमांचे मराठी करोन घेतले होते, ते घेवोन साचेखात्यात शिरले आणि जातीने वाटिले, आणि सर्वांनी दोन्ही हातांनी घेतले, आणि सेनापती विजयी मुद्रेने परत फिरले. दुसरे दिवशी पाहतात तों सात फारमे भाकरीखाली अंथरलेली, चारांच्या सुरळ्या करोन बिड्या पेटविलेल्या, आणि एकावर झणझणीत खर्ड्याचा शिक्का उठलेला. गुणही कोरे, दोषही कोरे. पहिली शिकस्त ती ही.

मग मसलतीचा मार्ग धरिला. साचेखात्याचे मुख्य सत्याप्पा, वस्ती बेळगुंदी, वीस सालांचा जुना गडी, बोलणे कमी, यांस टाइम हापिसात बोलावून खुर्ची दिली. खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच वदले जे, "परशराम, दोष लिवला तर सायेब घरला घालवणार. गुण लिवला तर सगळी फौंड्री हसणार. आपल्याच त्वांडानं आपलं चांगलं म्हणायला लाज वाटती रं. मग लिवायचं काय, सांग की तूच."  साच्यात बसवावयाचे वाळूचे गाभे घडविणाऱ्या गंगव्वा दारातून ऐकत होत्या, त्यांनी भर घातली : "माझं गुण माझ्या सासूला इचारा जावा. चाळीस वर्सं हुडकालीया, एक बी घावंना झालाय तिला!" खाते हसले. सेनापती हसले नाहीत, कारण दिवस थोडे राहिले होते.

तिसरे खेपेस अक्कल गहाण ठेविली. सकाळी फाटकात उभे राहोन जाहीर केले जे, फारम नाही त्याची हजेरी नाही, सर्वांस लाल शाई, म्हणजे पगार कापला. ऐसे म्हणताना आवाज कापत होता ही गोष्ट इतिहासाने नोंदवू नये, परंतु पुढे ती नोंदली गेलीच. सत्याप्पा आल्या पावली वळले. कडुनिंबाखाली जावोन डबा उशाला घेतला आणि आडवे जाहले, आणि त्यांच्यामागे भट्टीवाला आडवा जाहला, आणि भट्टी पेटेना. पाचव्या मिनिटास सेनापतींनीच फाटक सताड उघडिले आणि "चला की हो आत, कशाला उन्हात बसताय" ऐसे काकुळतीने विनविले. माघार घेण्यात असली चपळाई या मुलखाने पूर्वी पाहिली नव्हती.

आता फाल्गुन लागला. ऐसे असता एके दुपारी परशराम रडवेले होवोन साचेखात्यात बसले होते. या खात्याचा जुना रिवाज ऐसा जे, प्रत्येक साचेवाला मातीच्या साच्यात खिळ्याने आपली खूण काढितो. ती लोखंडावर उमटते, आणि नग बिघडला तर कोणाचा हे कळते. सत्याप्पांची खूण तीन ठिपके. त्या दिवशी सत्याप्पांनी निवालेला पंपाचा नग उलटा केला, बोट फिरविले, एके ठिकाणी सुईच्या टोकाएवढे भोक लागले. तपासणीवाल्यास ते सात जन्मी दिसते ना. सत्याप्पांनी घण उचलिला आणि आपल्या तीन ठिपक्यांसकट नगाचे तीन तुकडे केले. कोणी सांगितले नव्हते.

शेजारी भरमू साचेवाला माती चाळीत होता, तो सहज म्हणाला, "आण्णा असाच हाय. आपला नग आपणच फोडतोय. तपासणीवाल्याला त्येचा एक बी नग फोडायची पाळी न्हाय आली कधी." परशराम ताडकन उठले. खिशातून फारम काढिले आणि सत्याप्पांच्या गुणांत हेच शब्द लिहिले, आणि दोष विचारिला, तों भरमू म्हणतो, "लई मुका. शिकवतोय पर सांगत न्हाय." तेही लिहिले. मग भरमूने आपण होवोन खाली आपली खूण काढिली, मासळीचा काटा, की बोललो ते चुकले तर माझे. सत्याप्पांनी हे पाहिले आणि घण ठेवोन म्हणाले, "आता भरमूचं आण. सांगतो."

मग काय विचारता! आपले तोंड जे महिनाभर उघडले नाही ते शेजाऱ्याकरिता धबधब्यासारखे उघडले. गंगव्वांनी शेजारी गाभे घडविणाऱ्या शेवंताबाईंचे सांगितले जे, हिचा गाभा कधी ढासळला नाही, दोष एकच, माझ्या डब्यातली चटणी संपवती. तीन दिवसांत एकेचाळीस फारमे भरली, प्रत्येकाखाली सांगणाऱ्याची खूण. सेनापती छाती काढून चालू लागले.

तों टाइम हापिसाच्या खिडकीशी सगळी फौज येवोन उभी राहिली. सत्याप्पा म्हणाले, "बेचाळिसावं कुणाचं? तुझंच की रं." भरमू सातवी शिकलेला, त्याने लिहिले, बाकीच्यांनी सांगितले. गुण : बेळगुंदीची बस उशिरा आली की परशरामआण्णाच्या पेनातली लाल शाई संपती, दहा मिनिटं पेन झटकत बसतोय, बस दिसली की निळी लागती, तीन साल झालं एकाची बी हजेरी बुडाली न्हाय. दोष : धमकी द्यायला येत न्हाय, आवाज कापतोय. मार्क दहापैकी नऊ. एक कडोलीच्या निबंधापायी कापला. खाली एकेचाळीस खुणा, पहिले तीन ठिपके. सर्वांनी मोठ्या प्रेमाने दिले आणि परशरामांनी ते बिंड्याच्या अगदी तळाशी घातले, कारण साहेबांच्या लेखी टाइमकीपराने उशीर झाकणे म्हणजे चोरी.

एकतिसावे तारखेस दरबार भरला. साहेबांस मराठी वाचता येईना, तेव्हा परशरामांनीच वाचावे आणि कानडीत सांगावे ऐसा हुकूम जाहला. एकेचाळीस फारमे सांगितली. साहेब बहुत खूश जाहले आणि मग बेचाळिसावे पुढे सरकविले. येथे कोण साक्षीस होते? 'वक्तशीर व कडक' एवढे दोन शब्द म्हटले असते तर पेढे खरे होते. परशरामांनी तोंडही उघडिले. परंतु खाली ते तीन ठिपके दिसले, आणि घण दिसला, आणि पुढे जे लिहिले होते तेच कानडीत सांगून टाकिले, शाईपासून कापऱ्या आवाजापर्यंत. सांगतानाही आवाज कापत होता.

साहेबांनी फारम हाती घेतले. मग विचारिले, बस किती वेळ उशीर करिते? दहा मिनिटे. रोज? आठवड्यातून चार दिवस, साहेब. मग साहेबांनी दोन हुकूम लिहिले. पहिला : पुढील महिन्यापासून पहिली पाळी दहा मिनिटे उशिरा लागेल. दुसरा : टाइमकीपर आणखी एक साल टेंपरवारी. हा दुसरा लिहावयास साहेबांनी परशरामांचेच पेन मागून घेतले, आणि त्या समयी त्यात लाल शाई भरपूर निघाली.

दुसरे आठवड्यात सत्याप्पांनी उरल्यासुरल्या लोखंडाच्या रसातून एक चौकोनी ठोकळा ओतून खिडकीत ठेविला, हजेरीबुकावर ठेवावयास. वर तीन ठिपके, मासळीचा काटा, साऱ्या साचेवाल्यांच्या खुणा, आणि मध्ये नवी खूण, पेनाचे निब. "ही तुझी," एवढेच बोलिले आणि माती मळावयास गेले. परशराम खिडकी लावून घेवोन बराच वेळ रडले. हे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

ठोकळा घरी नेला. यशोदाबाईंनी विचारिले, "ह्योच का रं पर्मनंटचा?" दोन्ही हातांनी उचलोन पाहिला, "लई जड हाय," म्हणाल्या आणि समाधान पावोन देवापाशी ठेविला, हळदकुंकू वाहिले.

येणेप्रमाणे बेचाळीस फारमे हस्तगत जाहली, बेळगुंदीची बस बाइज्जत वेळेवर आली, मोहीम फत्ते. मातोश्रींस खरे काय ते परशरामांनी सांगितले नाही. हा दोष पुढील सालच्या फारमात भरमूने लिहावा, खाली खूण करावी. पेनास टोपण लाविले असे.