पेंडसे सरांची हवाई तुकडी

पेंडसे सर स्कूटर सुरू करण्याआधी तिला एक प्रदक्षिणा घालत. चाकं दाबून बघत, आरसा हलवून बघत, वाकून तेल गळतंय का ते बघत आणि मग स्वतःलाच मोठ्यानं सांगत, "ठीक!" एवढं करून जायचं कुठे, तर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, कर्वेनगरातल्या घरी.

"अहो सर, स्कूटर आहे ती," मी एकदा न राहवून म्हटलं.

"सवय, बाई. आकाशात रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही."

खुद्द सर जन्मात विमानात बसले नव्हते. शिकवायचे गणित. पण शाळेतल्या छात्रसेनेची हवाई तुकडी त्यांच्याकडे होती, त्यामुळे आम्ही सगळेच थोडे हवाई दलात होतो. शिक्षकांच्या खोलीत मुलांनी बनवलेल्या छोट्या ग्लायडरचे पंख पापडांसारखे वाळत पडलेले असत. मी डबा उघडला की भाजीच्या आधी डिंकाचा वास यायचा.

मग गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. "परेड करून नोकरी लागते का हो?" असं पालक तोंडावर विचारू लागले. तुकडीतली मुलं गळत गेली. यंदा संख्या भरली नाही तर तुकडी बंद, असं मोठ्या बाईंनी सांगून टाकलं. सर दोन दिवस स्कूटरला प्रदक्षिणा न घालताच घरी गेले. मला बघवेना.

"मुली घ्या की," मी म्हटलं.

सर दचकले. "अहो, केसांचं काय? टोपी घातल्यावर कॉलरला एक केस टेकता कामा नये."

"ते त्यांच्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी मुलींची ही झुंबड! सगळ्यांत पुढे नववीतली गौरी. केस कमरेपर्यंत आणि व्हायचंय पायलट. "सर, कापून टाकू?" तिनं विचारलं.

"कापायचे नाहीत. बांधायचे," सर जरा जोरातच म्हणाले.

तुकडी ठेवायची की नाही ते ठरवायला एक अधिकारी येणार होते. त्या सकाळी मुली मैदानावर उभ्या राहिल्या, गाडी फाटकात आली आणि हुकूम देणाऱ्या गौरीचाच अंबाडा सुटला. मी धावले. पण माझा स्वतःचा अंबाडा दुपारपर्यंत टिकत नाही, मी काय दिवे लावणार?

"बाई, सरका. गौरी, मी बांधू का?"

तिनं मान हलवली. सरांनी केसांना पीळ दिला, गुंडाळले, दातांत धरलेले आकडे एकेक करून खोचले. अधिकारी गाडीतून उतरेपर्यंत गौरीच्या डोक्यावर टोपी होती. तिचं "सावधान!" रस्त्यापलीकडच्या वाण्यालाही ऐकू गेलं असेल. जाताना अधिकाऱ्यांनी सरांचा हात हातात घेतला. "चालू द्या तुकडी."

"सर, अंबाडा कुठे शिकलात?" मी विचारलं.

"मुग्धा चौथीत असताना तिची आई गेली ना. शाळेत कुणी हसू नये म्हणून शेजारच्या काकूंकडून शिकून घेतलं. दहावीपर्यंत मीच घालायचो तिच्या वेण्या आणि अंबाडे." मुग्धा म्हणजे त्यांची अमेरिकेतली इंजिनिअर मुलगी. "आता बारीक कापलेत म्हणे. बरोबरच आहे. तिकडे कोण घालून देणार?"

मला गलबलून आलं. तेवढ्यात मागे बघते तर चार-पाच मुली टोप्या काढून उभ्या.

"सर, उद्यापासून आमचाही घालून द्याल?"

"रांगेत या," सर म्हणाले. पण परेडचा तो आवाज काही त्यांना काढता आला नाही.