मोठ्या बाईंनी मान हलवली

मोठ्या बाई खुर्चीत आडव्या झाल्या, त्यांनी आ केला, आणि डॉक्टरीणबाईंच्या मनात नको तो विचार आला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. डॉक्टरीणबाई दातांच्या, आणि त्यांची लेक त्याच शाळेत चौथीत. गृहपाठ कमी करा म्हणून चौथीचे पालक वर्षभर शाळेच्या पायऱ्या झिजवत होते. पण मोठ्या बाईंपुढे कुणाची डाळ शिजत नसे. पालकाने ‘गृहपाठ’ एवढंच म्हणायचा अवकाश, बाई बोलायला लागत, आणि तक्रार घेऊन गेलेला पालक आभार मानून बाहेर पडे. फोटो स्टुडिओवाले तर ‘सुट्टीतही थोडा देत जा’ असं सांगून आले होते. घरी त्यांचं काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

आणि आता त्याच बाई तोंडात कापसाचे बोळे घेऊन निमूट पडल्या होत्या. अशा वेळी सभ्य माणसाने आपलं काम करावं. डॉक्टरीणबाई तशा सभ्यच, पण आदल्या दिवशी त्यांची सगळी संध्याकाळ लेकीकडून नद्यांची लांबी पाठ करून घेण्यात गेली होती.

“भूल दिलीय हं, आता काही कळायचं नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “बाई, एक बोलू का? शाळेबद्दल?”

“अं,” बाई म्हणाल्या. याहून जास्त काही म्हणायची सोयच नव्हती.

डॉक्टरीणबाई सुरू झाल्या. बोलणं रंगात आलं की त्यांना एका जागी उभं राहवत नाही. त्या खिडकीशी गेल्या, परत आल्या, खुर्चीला वळसा घालून पलीकडे आल्या आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

“मला सांगा, मुलांनी खेळायचं कधी?”

“अं! अं अं!”

“तेच म्हणतेय मी! आणि झोपायचं कधी?”

बाईंनी हात वर केला. डॉक्टरीणबाईंनी तो मायेने दाबून खाली ठेवला. “मला कळतंय बाई, तुम्हालाही वाईट वाटतं. मग गृहपाठ निम्मा केला तर चालेल ना?”

यंत्र घुंईं करत होतं. बाईंनी मान हलवली.

“आणि शनिवार-रविवार अजिबात नको?”

बाईंनी मान इतक्या जोरात हलवली की यंत्र बाहेर काढावं लागलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. हृदयपरिवर्तन म्हणतात ते हेच, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं.

दाढ भरून झाल्यावर बाई एक शब्द न बोलता, गालावर रुमाल धरून निघून गेल्या. त्या रस्त्याला लागायच्या आत डॉक्टरीणबाईंनी पालकांच्या ग्रुपवर बातमी टाकली होती. ग्रुपवर नुसता आनंदीआनंद झाला. “मानलं तुम्हाला!” फोटो स्टुडिओवाल्यांनी तीनतीनदा लिहिलं.

लेकीला मात्र पटेना.

“बाई स्वतः म्हणाल्या?”

“मान हलवली.”

“पण वर्गात कुणी काहीच नाही सांगितलं. मी करून टाकते ना आई, थोडाच राहिलाय.”

“मुळीच नाही! डॉक्टरांच्याच मुलीने केला तर बाकीच्यांनी काय समजायचं? माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?” असं म्हणून त्यांनी लेकीच्या हातातली वही काढून दप्तरात कोंबली.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली ती बूटही न काढता पलंगावर पालथी पडली.

“काय झालं गं?”

“कुणीच गृहपाठ केला नव्हता. टीचरनी सगळ्यांना उभं केलं. विचारलं, कुणी सांगितलं करू नका म्हणून? सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.”

“मग?”

“मग सगळे बसले.” उशीतून आवाज आला. “आई, तू खोटं सांगितलंस का सगळ्यांना?”

तेवढ्यात शाळेचा निरोप आलाच: चौथीच्या सर्व पालकांनी शनिवारी सभागृहात हजर राहावे.

शनिवारी त्या सगळ्यांच्या आधी शाळेत पोहोचल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. बाईंचा उजवा गाल टम्म सुजला होता.

“बाई, माफ करा. तुम्ही मान हलवलीत, मला वाटलं…”

“डॉक्टर,” बाई सावकाश म्हणाल्या, “माझी कुठली दाढ दुखत होती?”

“उज…” डॉक्टरीणबाई थांबल्या.

“डावी. भूलही तुम्ही डावीकडेच दिलीत. मग शाळेचा विषय काढलात, फिरत फिरत पलीकडून आलात आणि उजवी कोरायला घेतलीत. मी तेच सांगत होते. हातसुद्धा वर केला.”

डॉक्टरीणबाईंना तो हात आठवला. आपण तो दाबून खाली ठेवला होता, हेही आठवलं. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये असं कधी झालं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण शाळेची फरशी पक्की होती.

“मग मान का हलवलीत?”

“तुमच्या हातात यंत्र होतं. काहीही विचारलं असतंत तरी हलवली असती.”

“मी… मी डावी दाढ फुकट…”

“नको! डावी मी काल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. ते कामाच्या वेळी बोलत नाहीत.”

सभागृह भरलं. डॉक्टरीणबाई शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसल्या. शेजारी लेक. आता सगळ्यांसमोर आपली शोभा होणार आणि ती लेकीला बघावी लागणार, या विचाराने त्या खांबामागे आणखी सरकल्या.

“मी मान हलवली, हे खरं आहे,” बाई म्हणाल्या. “मी रोज वर्गात विचारते, ‘समजलं ना? जमेल ना एवढं?’ सगळी मुलं माना हलवतात. मला वाटायचं, समजतंय, जमतंय. या आठवड्यात मी स्वतः तशी मान हलवली आणि ती का हलते ते मला कळलं.” बाईंनी गालावर हात ठेवला. “सोमवारपासून गृहपाठ निम्मा. शनिवार-रविवार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेक वळून आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान डॉक्टरीणबाईंना बघवेना. त्या ताडकन उठल्या.

“थांबा! माझं कौतुक करू नका! मी बाईंची चांगली दाढ…”

पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू जाणार? “किती साधेपणा!” असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या आणखी वाढल्या. डॉक्टरीणबाई मटकन खाली बसल्या. लेकीने त्यांचा हात घट्ट धरला, तेव्हा तर त्यांना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. घरी गेल्यावर तिला सगळं खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

सभा संपल्यावर दारात फोटो स्टुडिओवाल्यांनी त्यांना गाठलं.

“डॉक्टर, आता दप्तराच्या ओझ्याचं मनावर घ्या. ते मात्र संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “अध्यक्षांचे दात कसे आहेत हो, काही कल्पना?”

डॉक्टरीणबाईंची मान वर होईना. मोठ्या बाई नेमक्या मागेच उभ्या होत्या.

“उत्तम आहेत,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “दोन्ही बाजूंचे.”