मुक्तस्रोत संवर्धन कक्ष

मोठ्या संस्थेचे मन बदलते ते एक एप्रिललाच. त्याआधी बदलून उपयोग नसतो. जुने लेटरहेड संपलेले नसतात.

अंधेरी पूर्वेच्या एका अकरा मजली सॉफ्टवेअर कंपनीत चंद्रप्रकाश धुरी चौदा वर्षे 'बाह्य प्रोग्रॅम प्रतिबंध कक्षा'चे प्रमुख होते. कर्मचाऱ्यांच्या संगणकात कुठे मुक्तस्रोत प्रोग्रॅम शिरला आहे का ते शोधायचे, तो काढायचा आणि माणसाला मेमो द्यायचा, हे त्यांचे काम. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची आतली सगळी मांडणी जगाला उघडी असते. कुणीही घ्यावे, बदलावे, वापरावे. अट बहुधा एकच, मूळ करणाऱ्याचे नाव पुसू नये. कंपनीच्या मते हा रोग होता. (पँट्रीत तशी पोस्टर्स होती. त्यांवर विषाणूचे चित्र होते.)

मग एका एक एप्रिलला संचालकांनी सर्वांना गच्चीवर बोलावून जाहीर केले, की कंपनीचे मुक्तस्रोतावर पहिल्यापासूनच प्रेम आहे, फक्त ते व्यक्त करायला मंजुरी मिळाली नव्हती. दुपारपर्यंत धुरींच्या खोलीवर 'मुक्तस्रोत संवर्धन कक्ष' अशी पाटी लागली. स्क्रू जुनेच वापरले. प्रमुखही जुनेच ठेवले, कारण इतक्या मुक्त प्रोग्रॅमची नावे कंपनीत दुसऱ्या कुणाला पाठ नव्हती. बंदी घातलेल्या प्रोग्रॅमची सहा पानी यादी धुरींनी मथळा बदलून 'शिफारस यादी' म्हणून पाठवली, आणि एवढ्या झपाट्याने काम केल्याबद्दल त्यांचे कौतुक झाले.

औदार्याला शिस्त लागते. प्रत्येक कर्मचाऱ्याने दर तिमाहीत जगातल्या मुक्त प्रोग्रॅमना स्वेच्छेने दोन योगदाने द्यावीत, न दिल्यास लेखी खुलासा द्यावा, असा नियम धुरींनी केला. त्यासाठी फॉर्म मु-१ ते मु-७, आणि अकरा सह्या. पहिल्या वर्षी जगाला ४१२ योगदाने मिळाली. त्यांपैकी ३८९ शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या होत्या, आणि या ३८९ पैकी ६० आधीच्या दुरुस्त्या पूर्ववत करणाऱ्या.

वर्धापनदिनाला मात्र संचालकांना काहीतरी भरघोस द्यायचे होते. कंपनीच्या बिले छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक भाग असा होता, जो मराठी नावांतली जोडाक्षरे तुटू देत नसे. बत्तीस गावांची पाणीबिले त्याच्यावर चालत. तोच देऊन टाकायचे ठरले. धुरींनी तपासणीसाठी तो उघडला. कर्त्याच्या जागी कंपनीचे नाव होते. पण खाली, चाचणीसाठी घातलेले एक नाव तसेच राहून गेले होते: चंद्रभागा हिवराळे.

धुरींना ते ओळखीचे होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच ते एका चौकशी अहवालात लिहिले होते. कंपनीत काम करणाऱ्या संघमित्रा हिवराळेच्या आईचे नाव एका दाखल्यावर 'चंद् रभागा' असे छापून आले, आणि कचेरीतला माणूस म्हणाला, ही बाई वेगळी. संघमित्राने मग घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर, रविवार-रविवार बसून हा प्रोग्रॅम केला आणि जगाला फुकट देऊन टाकला. गुन्हा सिद्ध व्हायला चाळीस मिनिटे लागली. तिला काढले. प्रोग्रॅम पुरावा म्हणून ठेवून घेतला, आणि पुढे तोच बिलांना जोडला.

धुरी मुलुंडला राहत. शनिवारी ते मुद्दाम घाटकोपरला पंतनगरात गेले. तिथे संघमित्राचे टायपिंगचे छोटे दुकान होते. ती एक लग्नपत्रिका जुळवत बसली होती. तिने त्यांना ओळखले, स्टूल पुढे केले. धुरींनी सांगितले, की कंपनी तिचा सत्कार करणार आहे आणि तो प्रोग्रॅम जगाला देणार आहे.

"तो मी सहा वर्षांपूर्वीच दिलाय, सर," ती म्हणाली. "त्यासाठीच तर तुम्ही मला काढलंत."

धोरण बदलल्याचे धुरींनी निदर्शनास आणले. शाल, श्रीफळ आणि कुंडीतले रोपटे, असा तपशीलही दिला.

"शाल राहू दे. माझं नाव होतं ना तिथे, ते परत लावा. एवढीच अट होती."

धुरींना ते रास्त वाटले. लावतो म्हणाले, आणि त्या क्षणी ते खरेच लावणार होते.

सोमवारी त्यांनी फॉर्म मु-५ भरला (त्रयस्थ व्यक्तीचे नाव समाविष्ट करणे). दहा सह्या दोन दिवसांत झाल्या, कारण कुणी वाचला नाही. अकरावी सही कक्षप्रमुखांची, म्हणजे त्यांचीच. तेवढ्यात विधी विभागाच्या जान्हवी पै खोलीत डोकावल्या.

"नाव लावा ना, सर, माझी काही हरकत नाही. फक्त तिला का काढलं असं कुणी विचारलं, तर अहवालावर सही तुमची आहे."

धुरींच्या निवृत्तीला तीन वर्षे होती. त्यांनी फॉर्मवर लाल शाईने 'चर्चा करावी' असा शेरा मारला. चर्चा स्वतःशीच करायची असल्याने ती लांबली.

वर्धापनदिनी प्रोग्रॅम जगाला अर्पण झाला, कंपनीच्या नावाने. चाचणीच्या जागी चंद्रभागा हिवराळे काढून 'अबक' घालण्यात आले. शाल आणलेलीच होती, ती धुरींना घातली.

त्या रविवारी धुरींना जेवण गेले नाही. घरच्या संगणकावरून, टोपणनावाने, त्यांनी प्रोग्रॅमच्या सार्वजनिक पानावर तक्रार लिहिली: हे काम संघमित्रा हिवराळे यांचे आहे, त्यांचे नाव लावावे. लिहून इतके हलके वाटले, की त्यांनी ताट परत मागवले. सोमवारी ती तक्रार नियमाप्रमाणे उत्तरासाठी कक्षप्रमुखांकडे आली. धुरींनी ती दोनदा वाचली. भाषा चांगली होती. मग त्यांनी उत्तर दिले: 'सूचनेबद्दल आभार. कंपनी मूळ कर्त्यांचा आदर करते. प्रकरण बंद.'

तोवर २,१४३ जणांनी तक्रार वाचून, हळहळून, खाली अंगठ्याचे बटण दाबले होते. दाबून झाल्यावर त्यांनी प्रोग्रॅम आपापल्या संगणकावर उतरवून घेतला. संघमित्राने ते पान एकदा पाहिले, बंद केले आणि पत्रिकेतले वराचे नाव मध्यभागी घेतले.

ही हकीकत वाचून आपल्यालाही वाईट वाटले असल्यास अंगठा अजून चालू आहे. तिथेच स्वतःच्या नावाने दोन ओळी लिहिण्याचीही सोय आहे. ती अद्याप कुणी वापरलेली नाही.