सुमतीबाईंचा 'आर'

इंग्रजीत प्रश्न विचारताना माणसं घाईघाईत जो सहायक शब्द गाळतात, तो पाच दिवसांनी एका डबीत बंद होऊन आमच्या कार्यालयात येतो. ज्याला प्रश्न विचारला असेल त्याने तो सही करून न्यायचा, आणि मगच उत्तर द्यायचं. मुदतीत नेला नाही तर उत्तर 'हो' धरलं जातं, कारण मौन म्हणजे संमती. हे वाटप मी एकोणीस वर्षं दोन नंबरच्या खिडकीवर करतो आहे.

शुक्रवारी साडेचारला सुमतीबाई खानविलकर आल्या. त्यांची नात रेवा शिकागोतच जन्मलेली, तिला मराठी येत नाही. आजोबांच्या वर्षश्राद्धाला ती आली नाही आणि नंतर तिने फोनवर विचारलं, "यू अँग्री, आजी?" गाळलेला 'आर' माझ्या कपाटात होता. मुदत पाचला संपत होती.

"दे लवकर. राग आहे तो तिच्या बापावर, पोरीवर नाही."

"आधी मागच्या प्रश्नांच्या नऊ डब्या जमा करा. रिकाम्या."

त्यांनी पिशवीतून नऊ डब्या काढून मांडल्या. मी पहिली उघडली. आत साखर होती.

"रिकामं भांडं परत करू नये रे," त्या म्हणाल्या.

"नियम सहा. डबी रिकामीच जमा होते. ओता त्या टोपलीत."

"अन्न कचऱ्यात टाकू? तुझ्या आईनं शेजारणीचा डबा कधी रिकामा पाठवला होता?"

आईला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. मला राग आला. पण तिने कधीच तसं केलं नव्हतं, हेही खरं. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"मग तू खा," सुमतीबाई म्हणाल्या. "माझ्या हातून भरलेली गेली, तुझ्याकडे रिकामी झाली."

मी नियमावली दोनदा चाळली. याला हरकत कुठेच नव्हती. माझी शुगर दोनशे चाळीस आहे आणि घरी बायको रोज तपासते. तरी मी खायला लागलो. सहाव्या डबीला मळमळायला लागलं. नववी संपली तेव्हा पाचला तीन मिनिटं होती. त्यांनी आडनावासकट पूर्ण सही केली, मी शिक्का मारला आणि काउंटरवरचा फोन जोडून दिला.

"नो," त्या म्हणाल्या. "नो, बाळा."

पलीकडे पोरगी रडत होती. मग तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"यू शुअर?"

सुमतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली, नोंदवही उघडली आणि नवी नोंद केली: सहायक शब्द एक, अपेक्षित बुधवार.

"डोन्ट कट," त्या फोनवर म्हणाल्या. हे उत्तर नव्हतं, त्यामुळे नियमात बसत होतं.

पाच वाजले. मी खिडकी बंद केली आणि माझी खुर्ची त्यांना बाहेर नेऊन दिली. रिसीव्हर कानाला तसाच धरून त्या बसल्या.