कवळीची साक्ष

मलकापुरात कुणाची मोटार थरथरायला लागली, की आमचे शेजारी आबा सुभेदार आधी तोंडातली कवळी काढून डॅशबोर्डवर ठेवत. मग बोळक्या तोंडाने हुकूम सुटे, "हाण पुढं! सावकाश!" कवळी वाजेल तसं निदान.

आबांनी पलटणीत जन्मभर ट्रक हाकलेले. भरधाव गाडीची थरथर त्यांच्या लेखी किरकोळ. "पळताना समदीच कापत्यात. हळू चालताना कापतंय, त्याला खरा रोग."

माझी जुनी मोटार बैलगाडीच्या वेगाला आली, की अंगात आल्यासारखी घुमायची. मिस्त्रीने इंजिनाखालची रबरं बदलली, तरी घुमतच राहिली. आबांनी मात्र तिचा ध्यास घेतला. रोज सकाळी कवळी घेऊन दारात हजर!

"आबा, एवढी काय घाई?"

"सोमवारी म्हातारीला कराडच्या दवाखान्यातनं आणायचीय, मास्तर. डोळ्याचं आपरेशन झालंय. डाक्टर म्हणतोय, डोस्कं हललं तर नजर जाईल."

"मग काळजी वाटणारच."

"काळजी कसली डोंबलाची! भांडताना तिला माझं त्वांड दिसाय नगं व्हय?"

शेवटी आबांनी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायला लावली. कवळी कडाकडा वाजली. "इंजिन निर्दोष! चाक बोलतंय." स्टिअरिंग शांत होतं, हादरे बुडाखालून येत होते. म्हणजे मागलं चाक. जॅक लावून ते फिरवलं, तर टायरला एका जागी हा फुगवटा! "ह्ये बघ, गळू!" आबा लहान पोरासारखे नाचले. स्टेपनी चढवली. कवळी गप.

सोमवारी कराडला काकी, म्हणजे आबांची म्हातारी, मागच्या सीटवर बसल्या. दोन्ही डोळ्यांना पट्टी. शेजारी आबा, काकींचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून. डॅशबोर्डवर कवळी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी विराजमान. मी इतका हळू निघालो, की एक म्हैस आम्हाला मागे टाकून गेली.

"आवं," काकी म्हणाल्या, "थरथरतंय की अजून! आठ दिस काय केलंसा मग?"

मी दचकून कवळीकडे पाहिलं. ती जागची हलत नव्हती. मग आरशात पाहिलं. आबांचे हात लटलट कापत होते.

त्यांनाही ते कळलं असावं. आरशातून माझ्याकडे बघत, बोळक्या तोंडाने ते म्हणाले,

"व्हय गं. मास्तरची गाडीच भंगार, त्याला मी काय करू?"

एरवी मी गाडीवरून भांडलो असतो. त्या दिवशी गुमान वेग आणखी कमी केला.